सर्व्हरवरच्या फाइलची लिंक एक्सेलमध्ये पक्की कशी बसवायची

पुण्याजवळचं भोसरी, चाकण, नऱ्हे, शिवणे, कुठल्याही छोट्या युनिटच्या ऑफिसात डोकावा. एक एक्सेल फाइल हमखास असते, जिच्यावर सगळा कारभार चालतो. पार्ट नंबर, रिव्हिजन, ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, पीओ, आणि प्रत्येक ओळीत निळ्या अक्षरांतली लिंक. एरवी सगळं नीट चालतं. कस्टमरचा ऑडिटर शेजारी खुर्ची ओढून बसला की मात्र क्लिक केल्यावर ‘कॅनॉट ओपन द स्पेसिफाइड फाइल’ असा डबा उघडतो.

ड्रॉइंग कुठे हरवलेलं नसतं. एक्सेलनं त्याचा पत्ता अर्धवट टिपून ठेवलेला असतो. पूर्ण पत्ता कसा लिहून घ्यायचा आणि सर्व्हर बदलला तरी तो एका जागी कसा दुरुस्त करता येईल, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

एक सूचना आधीच. लेखातले पाथ (म्हणजे फाइलचे पत्ते), फंक्शनची नावं आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. उदाहरणासाठी सर्व्हरचं नाव ‘दप्तर’ धरू, त्यावरचा शेअर केलेला फोल्डर ‘उत्पादन’, आणि त्यात ‘ड्रॉइंग’.

लिंक तुटते कशी

तुमची नोंदवही (म्हणजे ती एक्सेल फाइल, पुढे नुसतं ‘वही’) आणि ड्रॉइंग एकाच शेअरवर असतील, तर कंट्रोल-के दाबून घातलेली लिंक एक्सेल सेव्ह करताना छोटी करून टाकतं. तुम्ही \\दप्तर\उत्पादन\ड्रॉइंग\बीएच-१०४२.पीडीएफ निवडलेलं असतं. फाइलमध्ये मात्र फक्त ‘ड्रॉइंग\बीएच-१०४२.पीडीएफ’ उरतं, म्हणजे ‘ही वही जिथे आहे तिथून पुढे’. ‘शनिपारावरून सरळ येऊन डावीकडे’ हा पत्ता शनिपारावर उभ्या असलेल्याला बरोबर पोहोचवतो. हडपसरहून फोन करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? वही डेस्कटॉपवर कॉपी केली किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की सगळ्या लिंका नव्या जागेपासून मोजल्या जातात आणि भलतीकडे जातात.

खात्री करून घ्यायची असेल तर वहीची एक प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. एक्सएलएसएक्स ही मुळात झिप फाइलच असते. आत ‘एक्सएल’, त्यात ‘वर्कशीट्स’, त्यात ‘_रेल्स’ या फोल्डरमध्ये प्रत्येक शीटची एक छोटी फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की ‘टार्गेट’ या शब्दापुढे प्रत्येक लिंकचा खरा पत्ता दिसतो. पूर्ण असेल तर तो ‘फाइल:///\\दप्तर’ असा सुरू होतो. नुसतं फोल्डरचं नाव किंवा दोन टिंबांनी होणारी सुरुवात दिसली, तर लिंक सापेक्ष आहे, म्हणजे वहीच्या जागेपासून मोजलेली.

दुसरा प्रकार जास्त त्रासदायक. गुरुवारी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, पीसी बंद पडला. परत सुरू केल्यावर एक्सेलनं वाचवलेली प्रत पुढे केली, ती तुम्ही उघडून सेव्ह केली. ती प्रत ‘ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\एक्सेल’ या आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. सापेक्ष लिंका मग त्या फोल्डरपासून मोजल्या जातात आणि पाचशे ओळींत एकदम ‘सी:\यूजर्स\...\ॲपडेटा\...’ असे पाथ येतात. ऑफिसातल्यांना वाटतं व्हायरस शिरला. तसं काही नसतं.

तिसरा प्रकार ड्राइव्हच्या अक्षराचा. अकाउंट्सच्या पीसीवर सर्व्हर ‘झेड:’ म्हणून जोडलेला, क्वालिटीच्या पीसीवर ‘वाय:’. ‘झेड:\ड्रॉइंग\...’ ही लिंक दिसायला पूर्ण असते, पण झेड म्हणजे कोण हे त्या एकाच पीसीला माहीत असतं. म्हणून पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून न लिहिता दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरच्या नावापासून लिहायचा. याला यूएनसी पाथ म्हणतात.

खरा पाथ शोधा

‘झेड:’च्या मागे कोण आहे हे माहीत नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट यूज’ टाइप करा. डावीकडे ड्राइव्हचं अक्षर आणि उजवीकडे \\दप्तर\उत्पादन असा खरा पाथ येतो. फाइल एक्सप्लोररमध्येही ड्राइव्हच्या नावाशेजारी हे दिसतं, पण पाथ लांब असला की वाचायला अडचण होते.

आता विंडोज-आर दाबा, \\दप्तर\उत्पादन\ड्रॉइंग टाइप करा, एंटर. फोल्डर उघडला पाहिजे. हीच चाचणी ऑफिसातल्या प्रत्येक पीसीवर करा, निदान ज्यांना ही वही लागते त्यांच्यावर तरी. इथे उघडला नाही तर एक्सेलमध्ये कितीही डोकं लावलं तरी उघडणार नाही.

उघडलेल्या त्या खिडकीतूनच एखाद्या पीडीएफवर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा. विंडोज ११ मध्ये शिफ्टची गरज नाही. पाथ अवतरणचिन्हांसकट कॉपी होतो. कंट्रोल-केच्या डब्यात पेस्ट करताना ती चिन्हं काढा. आणि ‘झेड:’मधून फिरत गेलात तर कॉपी झालेला पाथही ‘झेड:’नंच सुरू होईल. म्हणून खिडकी सर्व्हरच्या नावानं उघडायची.

सर्व्हरच्या नावाऐवजी ‘१९२.१६८...’ असा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, कारण ‘आयपीनं पटकन लागतं’. राउटर बदलला की हा आकडा बदलू शकतो. शिवाय आयपीत टिंबं असल्यामुळे विंडोज त्याला आतलं नेटवर्क न समजता इंटरनेट समजतं, आणि तिथून उघडलेल्या एक्सेल-वर्ड फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये पिवळ्या पट्टीसह येतात. नावच वापरा.

कंट्रोल-केनंच लिंका घालायच्या असतील तर

दहा-वीस लिंका असतील तर हा मार्ग पुरतो. आधी एक्सेलची खोड मोडा: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली जनरलमध्ये ‘वेब ऑप्शन्स’, त्यात ‘फाइल्स’ टॅब, आणि ‘अपडेट लिंक्स ऑन सेव्ह’ समोरची टिक काढा. हे सेटिंग वहीत राहत नाही, त्या पीसीवरच्या एक्सेलमध्ये राहतं. म्हणजे तुम्ही टिक काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी तीच वही उघडून सेव्ह केली, तर लिंका पुन्हा छोट्या होऊ शकतात. ज्या ज्या पीसीवर ही वही सेव्ह होते, त्या सगळ्यांवर हे करावं लागतं.

दुसरा उपाय वहीतच राहतो. फाइल, इन्फो, उजवीकडे ‘प्रॉपर्टीज’वर क्लिक करून ‘ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीज’, ‘समरी’ टॅब, तळाशी ‘हायपरलिंक बेस’. तिथे \\दप्तर\उत्पादन\ लिहिलं की सगळे सापेक्ष पाथ वहीच्या जागेऐवजी या पत्त्यापासून मोजले जातात. आधीच छोट्या झालेल्या लिंका एका फटक्यात सुधारायला हे उत्तम. पण हे सेटिंग इतकं आत दडलेलं आहे की दोन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मग नवा माणूस ‘लिंक अशी का वागते’ म्हणून दिवसभर शोधत बसतो. त्यामुळे मी ते तात्पुरतं वापरतो.

पक्का मार्ग: हायपरलिंक फंक्शन

फंक्शनमध्ये लिहिलेला पाथ हा एक्सेलच्या लेखी नुसता मजकूर असतो. सेव्ह करताना तो त्याला हात लावत नाही. लाइट जाऊन वाचवलेली प्रत उघडली तरी पाथ होता तसाच राहतो. शंभरच्या वर लिंका असतील तर दुसरा विचारच करू नका.

आता मांडणी. ‘सेटिंग’ नावाचं वेगळं शीट करा. त्याच्या बी१ मध्ये मूळ पाथ लिहा:

\\दप्तर\उत्पादन\ड्रॉइंग\

शेवटची तिरकी रेघ सेलमध्येच ठेवा, सूत्रात नको. त्याचं कारण लेखाच्या शेवटी येईल. एंटर दाबल्यावर एक्सेल या मजकुरालाही आपणहून निळी लिंक करून टाकेल. कंट्रोल-झेड एकदा दाबलं की लिंक जाते, मजकूर राहतो. मग त्या सेलला नाव द्या: सेल निवडून सूत्रपट्टीच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ‘मूळपाथ’ लिहून एंटर.

मुख्य शीटमध्ये ए कॉलमला पार्ट नंबर, बी कॉलमला रिव्हिजन, आणि पीडीएफचं नाव ‘बीएच-१०४२_०२.पीडीएफ’ अशा धाटणीचं आहे असं धरू. सी२ मध्ये:

=हायपरलिंक(मूळपाथ & ए२ & "_" & टेक्स्ट(बी२,"००") & ".पीडीएफ", ए२)

पहिला भाग म्हणजे पत्ता, स्वल्पविरामानंतरचा भाग म्हणजे सेलमध्ये दिसणारं नाव. मग सेलचा कोपरा धरून खाली ओढा.

यातला ‘टेक्स्ट’ उगाच घातलेला नाही. रिव्हिजनच्या रकान्यात तुम्ही ०२ टाइप करता, एक्सेल त्याचा २ करून ठेवतो, आणि पाथ ‘बीएच-१०४२_२’ असा बनतो. पत्ता तोच वाटतो, शून्य तेवढं गळालेलं असतं. रिव्हिजन ए, बी, सी अशी अक्षरांत असेल तर ‘टेक्स्ट’ची गरज नाही, नुसतं बी२ चालतं.

पार्ट नंबर मेलमधून किंवा ईआरपीतून चिकटवलेले असतील तर शेवटी रिकामी जागा राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पाथ मात्र बिघडवते. ए२ च्या जागी ट्रिम(ए२) लिहा. रिकाम्या ओळींत निळी अक्षरं नकोत तर सगळं इफ(ए२="","",...) मध्ये गुंडाळा.

लांबीच्याही मर्यादा आहेत. सूत्रात अवतरणचिन्हांत लिहिलेला एक मजकूर २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि एक्सेलची वही उघडायची असेल तर नावासकट पूर्ण पाथ २१८ अक्षरांत बसावा लागतो. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन साहेबांनी बघितलेलं’ असे फोल्डरमध्ये फोल्डर असतील तर ही मर्यादा वाटते तितकी दूर नसते.

फाइलच्या नावात हॅश चिन्ह अजिबात ठेवू नका. लिंकमध्ये हॅशनंतरचा भाग ‘फाइलच्या आतली जागा’ म्हणून वाचला जातो, त्यामुळे ‘पीओ#४५.पीडीएफ’ शोधताना एक्सेल ‘पीओ’ नावाची फाइल शोधतं. टक्क्याचं चिन्हही टाळा. साध्या रिकाम्या जागा चालतात.

मराठीत नावं दिलेल्या फोल्डरांचं काय? चालतात, विंडोजला अडचण नाही. पण एक मेख आहे. ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ असा फोल्डर घ्या. त्यातला ‘ऱ्य’ काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’नं लिहितात, तर काही साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. म्हणून मराठी नाव सूत्रात हातानं टाइप करायचं नाही. एक्सप्लोररमध्ये एफ२ दाबून तिथलंच कॉपी करायचं.

कोणती फाइल खरंच जागेवर आहे

सूत्रानं केलेली लिंक निळीच दिसते, मग समोर फाइल असो वा नसो. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी चारशे लिंकांवर क्लिक करत बसण्याची गरज नाही. डेटा टॅबमध्ये ‘गेट डेटा’, ‘फ्रॉम फाइल’, ‘फ्रॉम फोल्डर’ घ्या आणि तोच सर्व्हरच्या नावाचा पाथ द्या. पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच बाहेरची माहिती आणण्याचं साधन) आतल्या सगळ्या फाइलींची यादी काढून देते, पोटफोल्डरांसह. ‘नेम’ आणि ‘फोल्डर पाथ’ हे कॉलम ठेवा, बाकीचे काढून टाका, आणि ते ‘यादी’ नावाच्या शीटवर उतरवा.

मग डी२ मध्ये:

=इफ(काउंटइफ(यादी!ए:ए, ए२ & "_" & टेक्स्ट(बी२,"००") & ".पीडीएफ")=0, "नाही", "आहे")

फिल्टर लावून ‘नाही’ तेवढे बघा. बहुतेक वेळा ड्रॉइंग असतं, पण कुणीतरी नावात अंडरस्कोरऐवजी डॅश टाकलेला असतो. रोज सकाळी डेटा टॅबमधलं ‘रिफ्रेश ऑल’ दाबलं की यादी ताजी होते.

आधीच बिघडलेल्या लिंका

पहिल्यांदा वहीची प्रत काढा. पुढच्या मॅक्रोला (एक्सेलकडून काम करून घेणाऱ्या आज्ञेला) कंट्रोल-झेड लागू पडत नाही.

कंट्रोल-केनं घातलेल्या लिंकांना कंट्रोल-एच म्हणजे फाइंड-रिप्लेस सापडत नाही. ते फक्त दिसणारा मजकूर बदलतं, मागचा पत्ता तसाच राहतो. म्हणून ऑल्ट-एफ११ दाबा, मग कंट्रोल-जी. खाली ‘इमिजिएट’ खिडकी येईल. आधी नेमकं काय साठवलंय ते बघा:

? ॲक्टिव्हशीट.हायपरलिंक्स(१).ॲड्रेस

जे उत्तर येईल त्यातला चुकीचा भाग जसाच्या तसा उचला, आणि एकाच ओळीत:

फॉर इच एच इन ॲक्टिव्हशीट.हायपरलिंक्स : एच.ॲड्रेस = रिप्लेस(एच.ॲड्रेस, "चुकीचा भाग", "\\दप्तर\उत्पादन\") : नेक्स्ट

एंटर. हजार लिंका असल्या तरी फार वेळ लागत नाही. ही ओळ फक्त समोर असलेल्या शीटवर चालते. बाकीच्या शीटांवर जाऊन पुन्हा चालवा. आणि सेव्ह करण्याआधी वर सांगितलेली ‘अपडेट लिंक्स ऑन सेव्ह’ची टिक काढलेली आहे ना, ते बघा. नाहीतर सगळे कष्ट पाण्यात.

दुसऱ्या वहीतला आकडा आणायचा असेल तर

ही वेगळी गोष्ट आहे, कारण इथे फाइल उघडायची नसते, तिच्यातला सेल वाचायचा असतो. मूळ वही \\दप्तर\... अशी उघडा, आपल्या वहीत बरोबरीचं चिन्ह टाइप करा आणि तिथल्या सेलवर क्लिक करा. मूळ वही बंद केल्यावर सूत्र असं दिसतं:

='\\दप्तर\उत्पादन\[रेट.एक्सएलएसएक्स]शीट१'!$बी$२

इथे ‘मूळपाथ’ची युक्ती चालत नाही. इनडायरेक्ट फंक्शननं पाथ जोडून बघाल तर मूळ वही उघडी असेपर्यंत आकडा येतो, बंद केली आणि हिशेब पुन्हा झाला की रेफची चूक, म्हणजे ‘संदर्भ सापडत नाही’. सर्व्हर बदलला तर डेटा टॅबमधल्या ‘एडिट लिंक्स’मध्ये, नव्या आवृत्तीत ‘वर्कबुक लिंक्स’मध्ये, जाऊन ‘चेंज सोर्स’ करायचं.

लिब्रेऑफिस आणि गूगल शीट्स

लायसन्सचा खर्च नको म्हणून लिब्रेऑफिस वापरणारी बरीच युनिटं आहेत. तिथे टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ‘सेव्ह यूआरएल्स रिलेटिव्ह टू’ खाली ‘फाइल सिस्टम’ची टिक काढा. लिंकवर माउस नेला की कॅल्क नेहमी पूर्ण पाथच दाखवतो, आतमध्ये सापेक्ष साठवला असला तरी. त्या पिवळ्या पट्टीवर विसंबू नका.

गूगल शीट्समध्ये हा विषयच नाही. ब्राउझरमधल्या पानाला तुमच्या सर्व्हरवरची फाइल उघडता येत नाही, आणि शीट्सचं हायपरलिंक फंक्शन ‘फाइल:’नं सुरू होणारे पाथ घेतच नाही.

पाथ बरोबर, तरी उघडत नाही

विंडोज-आरवर फोल्डर उघडत नसेल तर परवानगी तपासा. विंडोज ११ नवीन घेतलं आणि जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली सगळ्यांची डिस्क) दिसेनासा झाला, ही तक्रार वाढली आहे. २४एच२ आवृत्तीपासून प्रो विंडोजमध्येही पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून शिरणं मुळातच बंद असतं. विंडोज १० मध्येही २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नेटवर्कवर फाइल शेअर करण्याचा एसएमबी १ हा जुना प्रकार आपोआप बसत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे नॅसवर प्रत्येकाला नाव-पासवर्ड देणं आणि त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं. जुना प्रकार परत सुरू करून देणारा कॉम्प्युटरवाला भेटला तर त्याला चहा पाजा, काम देऊ नका.

घरून काम करणाऱ्यांना \\दप्तर दिसण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित मार्ग, लागतो. ‘राउटरवर ४४५ पोर्ट उघडून देतो, मग घरूनही चालेल’ असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारानं शिरत होता.

सर्व्हर वारंवार बदलण्याइतकं ऑफिस मोठं असेल आणि डोमेन (सगळे पीसी एकाच ठिकाणाहून सांभाळण्याची विंडोजची व्यवस्था) असेल, तर आयटीवाल्यांना डीएफएस नेमस्पेस, म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरांना सर्व्हरपेक्षा वेगळं कायमचं नाव देणारी सोय, लावून मागा. मग पाथमध्ये मशीनचं नाव राहतच नाही, आणि मागचा सर्व्हर बदलला तरी लिंक तीच राहते. लहान ऑफिसला ‘मूळपाथ’चा एक सेल पुरे.

वही बाहेर द्यायची असेल तेव्हा

टिळक रोडवरच्या सीएंना किंवा चाकणच्या कस्टमरला वही पाठवायची असेल, तर \\दप्तर त्यांच्याकडे नसणारच. इथे सापेक्ष पाथच बरा. पेन ड्राइव्हवर ‘ड्रॉइंग’ फोल्डरमधल्या पीडीएफ कॉपी करा, वहीची प्रत त्यांच्याच शेजारी ठेवा, आणि त्या प्रतीत ‘मूळपाथ’चा सेल रिकामा करा. तिरकी रेघ त्याच सेलमध्ये असल्यामुळे तीही गेली, आणि सूत्रात नुसतं ‘बीएच-१०४२_०२.पीडीएफ’ उरलं. आता एक्सेल ते वहीच्याच फोल्डरमध्ये शोधेल. हायपरलिंक बेस रिकामा आहे ना, तेवढं बघून घ्या. झिप करून मेलनं पाठवत असाल तर सोबत एक ओळ लिहा: ‘आधी एक्स्ट्रॅक्ट करा, मग उघडा’. झिपच्या आतूनच वही उघडली तर एकही लिंक लागत नाही, आणि फोन तुम्हालाच येतो.